माझ्यावाचून जळगाव उपाशी

२८ जुलै, सोमवार
मोतीलाल सरांनी आज सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला. आमच्या फूड डिलिव्हरीच्या झोनचे मॅनेजर. मी मागितलं काय, तर हॉटेलबाहेर बसायला एक बाकडं आणि वर पत्रा. पावसात उभं राहून पाय सुजतात. अ‍ॅपवर मी ‘पार्टनर’ आहे. पार्टनरला बाकडं नको? म्हणाले, तू नसलास तरी इथं काही अडत नाही.
ठीक आहे. अडवून दाखवतो.

२९ जुलै
ठरलं. येत्या रविवारी संप. झोनमधले सगळे रायडर लॉगआउट. रविवारी ऑर्डरींचा पूर असतो, बरोबर तिथंच हाणायचं. लोक उपाशी बसतील, सर हात जोडत येतील. आता बाकडं गादीचंच घेणार.

३१ जुलै
चहाच्या टपरीवर भाषण केलं. वाटलं होतं, पोरं कचरतील. कसलं काय, सगळे एका मिनिटात तयार. तोताराम तर म्हणाला, “हितेंद्रभाऊ, रविवारले मी तसंबी घरच राहसू.” माझ्या बोलण्यात जादू आहे, हे मला आधीपासूनच वाटत होतं.

१ ऑगस्ट
एरंडोलहून आईचा फोन. रविवारी आमच्या खानदेशातली कानबाई देवी घरोघरी बसणार, “घर ये, रोट शेतस.” हा रोटांचा प्रसाद संपेपर्यंत घरात कुणी बाहेरचा घास घ्यायचा नाही, हेही बजावलं. दरवर्षीचंच. सांगितलं, यंदा जमणार नाही, इथं इतिहास घडतोय. तिचं आपलं एकच, “मंग जेवशी काय?”

२ ऑगस्ट
सर बायकोमुलांसकट धुळ्याला गेले. घाबरून पळाले.

३ ऑगस्ट, रविवार. दुपारी
विजय. रस्त्यावर आमच्यातला एकही नाही. हॉटेलात टेबलं रिकामी, मालक पेपर वाचतोय. लोक बसून खायलासुद्धा आले नाहीत, एवढी संपाची दहशत. गल्लीत घराघरांतून पुरणाचा वास. बिचाऱ्यांना स्वतः रांधावं लागतंय. थोडं वाईट वाटलं, पण सरांना दया दाखवायची नाही.

त्याच दिवशी, जरा वेळाने
पुरावा हवा म्हणून स्वतःच शेवभाजी मागवली. रायडर मिळाला नाही, ऑर्डर कॅन्सल. स्क्रीनशॉट ठेवला. भूक लागली आहे, पण ती अभिमानाची आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार
सरांची शरणागती घ्यायला ऑफिसात गेलो. एकटाच, बाकीचे कामावर होते. सर म्हणाले, कसला संप? कानबाईच्या रविवारी कोण बाहेरचं मागवतं? दोन-चार ऑर्डरी आल्या, त्या शेजारच्या झोनच्या पोराने उरकल्या. एकच राहिली. स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाव माझंच.
वर म्हणाले, रायडरांशिवायही झोन चालतो हे हेड ऑफिसला कळलंय, एक जण कमी करायचाय. तू लॉगआउट आहेसच, तसाच राहा.

६ ऑगस्ट
आयडी बंद. पण रविवारच्या ऑर्डरीबद्दल कंपनीने माझी माफी मागितली, कूपनसकट. म्हणजे झुकले की नाही? लगेच शेवभाजी मागवली. तोताराम घेऊन आला, नखशिखांत भिजलेला. म्हणाला, हॉटेलबाहेर फार वेळ उभं राहावं लागलं, बसायला जागा नाही.
भाजी गार होती. एक स्टार दिला.