सतरा नंबरच्या कुपीचे वारस

आधी दुरुस्ती. मागच्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की, सतरा नंबरच्या कुपीत एकच विषाणू आहे आणि तो दोन रूपं घेतो. ते चूक आहे. विषाणू दोन आहेत, आणि चूक माझी आहे. हे लिहिताना माझी बुद्धी ठिकाणावर आहे.

कलम १. खोली भाड्याची, ती मालकिणीचीच. माझी पिपेट धाकट्या बहिणीला. तिने खुशाल जलरंगांसाठी वापरावी, पण आधी उकळत्या पाण्यातून काढावी.

कलम २. बाबांचं शाईचं पेन आईला. बाबा दस्तलेखक. शाळेआधी अक्षरं मी त्यांच्याजवळ शिकले, आणि हेही: "चूक खरवडायची नाही, बाळा. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही."

कलम ३. मिठागराचं पाणी यंत्रात फिरवलं की नळीत विषाणूंचे पट्टे पडतात. घाईत मी दोन पट्टे एकाच सुईने ओढले आणि सतरा नंबरच्या कुपीत भरले. सूक्ष्मदर्शकाखाली लिंबासारखे टोकदार कण दिसले आणि वीस बाजूंचेही. मला वाटलं, एकच विषाणू रूप बदलतोय. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, खूश झाले. पुढे पट्टे वेगळे काढले, तर लिंबाच्या पोटात डीएनए, वीसबाजूच्या पोटात आरएनए. दूरचंही नातं नाही. मी वहीत रेघ मारून दुरुस्ती लिहिली. नियमाप्रमाणे सरांनी शेजारी सही केली: "पाहिले, १२ जानेवारी." फोनवर बोलत, न वाचता.

२० जानेवारीला त्यांनी तोच जुना शोध एकट्याच्या नावाने छापायला पाठवला.

"सर, ते दोन आहेत. आणि माझं नाव?"

"दोन असोत की दहा, छापून आलं की एकच. आणि शंकासुरबाई, तुमचं नाव घालायचं तर बाटल्या धुणाऱ्या मावशींचंही घालू का?"

मावशी नळापाशी होत्या. म्हणाल्या, "घाला की. माझ्या बाटल्या तरी स्वच्छ असतात."

कलम ४. ही चूक, तिच्या सर्व हक्कांसह, मी सरांना कायमची देते. लेखावर माझं नाव नाही, म्हणून माझ्या वारसांनी तिच्यात वाटा मागू नये. सरांना ती नाकारता येणार नाही. दुरुस्तीशेजारी त्यांची सही आहे, लेख पाठवायच्या आठ दिवस आधीची.

साक्षीदार: बाटल्या धुणाऱ्या मावशी, सूक्ष्मदर्शक चालवणारे काका.
सही: शंकासुर
स्थळ: प्रयोगशाळा, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ६ मार्च २०२६

अंमल: कलम ४ साठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. लेख छापून आल्याबद्दल होणाऱ्या सरांच्या सत्कारात वही घेऊन मी स्वतः उभी राहणार आहे. बुधवार, ११ मार्च, सकाळी अकरा.