अर्थिंगचा खड्डा

१२ डिसेंबर १९९३, रविवार. डोहपिंपरी.

आलो बुवा एकदाचा! गंगाखेडहून सोनपेठची एसटी दोन तास उशिरा निघाली, वाटेत टायर बसलं, आणि मी सगळा वेळ मांडीवर डबा घेऊन बसलेलो. डबा आईने लाडवांसाठी दिला होता. मी लाडू फडक्यात बांधले आणि डब्यात फ्लॉप्या ठेवल्या. लाडवाला धूळ लागली तर झटकून खाता येतो, फ्लॉपीला लागली तर संपलं. कंडक्टरने दोनदा विचारलं, डब्यात काय हाय. मी म्हणालो, लिनक्स. तो पुढच्या सीटकडे सरकला.

चोवीस फ्लॉप्या आहेत. पुण्याच्या मित्राने फुकटात उतरवून दिल्या. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतं तसलं काम या लिनक्समुळे आपल्या साध्या ३८६ संगणकावर चालतं. माझे गुरुजी सांगायचे, बन्सीधर, मशीनला हात लावशील तर काय केलंस ते त्याच दिवशी लिहून ठेव, वेळेसकट. म्हणून ही वही.

नोकरी माणिकमामांनी दिली. कॉलेज त्यांच्याच संस्थेचं. १७ जानेवारीला विद्यापीठाची समिती येणार. तिच्यापुढे मशीन चाललं तर संगणक विभागाला मान्यता, बावीस पोरापोरींचं वर्ष पदरात, आणि मी कायम. नाही चाललं तर त्यांचं वर्ष बुडालं, आणि मी परत वालूरला काकांच्या दुकानात हळद तोलायला.

मामांनी हौसेने सगळं दाखवलं. संगणकाची खोली गावाबाहेर, कॉलेजच्या मागच्या अंगाला. धूळ नको म्हणून खिडक्या बुजवल्यात. दार एकच, आतून साधी खिट्टीसुद्धा नाही, बाहेरून मात्र हातभर लोखंडी कडी. खोलीमागे अर्थिंगचा खड्डा आहे. गळतीची वीज जमिनीत मुरावी म्हणून दहा फूट खाली तांब्याचा पत्रा पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात, वरून रोज पाणी घालतात. खड्डा ओला तर मशीन सुखी. मामा हसत म्हणाले, मीठ तेवढं आणलं, कोळसा आणावाच लागला नाही, खणताना जागेवरच लय निघाला, तोच परत भरला. काटकसर शिकावी तर मामांकडून.

१५ डिसेंबर, बुधवार

काल सकाळी फ्लॉप्या घालायला बसलो. सतरावी रुसली, तिला तीनदा समजावलं, रात्री उशिरा काम झालं. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर आधी एल, आय, एल, ओ अशी चार अक्षरं एकामागून एक उमटतात. चारही उमटली की समजायचं, गाडी रुळावर. मग ते नाव विचारतं. ज्याचं नाव मी नोंदवलंय त्यालाच आत घेतं, बाकीच्यांना दारातूनच परत. अगदी सरकारी कचेरीसारखं.

इथे चांगुणाबाई नावाच्या शिपाईबाई आहेत. साठीच्या, बोलणं कमी. रोज सव्वादहाला घागर घेऊन खड्ड्याशी येतात आणि आजाऱ्याला पाजावं तसं हळूहळू पाणी घालतात. घागर रिकामी झाली की घटकाभर तिथेच बसतात. मी चेष्टेने म्हटलं, मावशी, मशीनचे लाड लय करायलात तुमी. त्या हसल्या नाहीत. सुकू द्यायचं न्हाई सर, एवढंच म्हणाल्या.

२७ डिसेंबर, सोमवार

मशीन झक्क चाललंय. पोरं रांग लावून आपापली नावं टाइप करतात आणि मशीनने आत घेतलं की खूश होतात.

दुपारी मात्र वाईट झालं. चांगुणाबाईंनी दोन दिवसांची रजा मागितली, परभणीला विद्यापीठाच्या नामांतराच्या सभेला जायचं होतं. मामा भडकले. सगळ्यांदेखत म्हणाले, ते नाव काढायचं असेल तर उद्यापासून येऊ नका. मी मान खाली घालून फ्लॉप्यांना लेबलं चिकटवत राहिलो. मामांपुढे कोण बोलणार? जाताना बाईंनी घागर माझ्या टेबलाशी ठेवली आणि सांगितलं, पाणी चुकवू नका.

२९ डिसेंबर, बुधवार

सकाळी मशीन सुरू केलं. एल. आय. बस्स. पुढे हू की चू नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. दोनच अक्षरं उमटली म्हणजे हार्ड डिस्कच्या सुरुवातीला काहीतरी बिनसलंय. त्यासाठी वेगळी फ्लॉपी ठेवलीय, तिच्यावरून सुरू करून दुरुस्ती करता येते. केली. पुन्हा सुरू केलं. एल, आय. दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच.

१ जानेवारी १९९४, शनिवार

केबल बदलली. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून बसवल्या. डिस्क तपासली, एक खराब जागा सापडली नाही. सगळं ठणठणीत आहे आणि चालत मात्र नाही. हैराण झालो.

खोलीत जळकट वास येतोय. पेटी उघडून नाक घातलं. आत काही जळलेलं नाही, उलट डिस्क गार. वास पेटीतून येत नाही.

३ जानेवारी, सोमवार

कीबोर्डवर काजळी. बोटांचे ठसे. माझ्यापेक्षा लहान बोटं. कुलपाची किल्ली माझ्या करगोट्याला असते, दुसरी नाही. पुसलं. चहा घेऊन आलो तर पुन्हा तेच.

पोरांना सांगितलं, समिती येऊन जाईपर्यंत खोलीत यायचं नाही. काय कारण सांगितलं ते आठवत नाही.

६ जानेवारी, गुरुवार

आज जे वाचलं ते जसंच्या तसं लिहितो.

कोण कधी आलं, कोणाला नकार मिळाला, याची नोंद मशीन स्वतःच डिस्कवर ठेवतं. फ्लॉपीवरून आत शिरून ती नोंद काढली. २८ डिसेंबरपासून रोज सव्वादहाला कोणीतरी एकच नाव टाइप केलंय. सरजा. रोज नकार. आजचाही आहे.

सरजा नावाचं कोणी कॉलेजात नाही. आणि या दिवसांत सव्वादहाला मशीन बंद होतं. दोनदा तर मी वायरच काढून ठेवली होती.

मामांना सांगितलं. नाव ऐकताच बशीतला चहा धोतरावर सांडला. म्हणाले, हे नाव या आवारात पुन्हा काढायचं नाही. मला त्यांची भीती वाटली नाही. ते स्वतः घाबरलेले दिसले, त्याची वाटली.

८ जानेवारी, शनिवार

घागर दिसली आणि डोक्यात लख्ख पडलं. पाणी! बाई गेल्यापासून खड्ड्याला थेंब नाही. मीटर लावला. अर्थिंग पार मेलेलं. गाढव आहे मी, दहा दिवस डिस्क उकरत बसलो.

दहा घागरी ओतल्या. पाणी खाली जाईना. काठोकाठ उभं राहिलं. दोन तास थांबलो, बोटभरही उतरलं नाही.

९ जानेवारी, रविवार

सकाळीसुद्धा तसंच. भोवतीची काळी जमीन भेगाळलेली आहे, काल हातून सांडलेलं पाणी तिने घटकेत गिळलं. खड्ड्यातलं मात्र तसूभर हललं नाही. काठी घातली, बाहेर काढली तर कोरडी.

माझ्या हातचं पाणी खड्डा घेत नाही.

१० जानेवारी, सोमवार

ओढ्यापलीकडे नव्या वस्तीत चांगुणाबाईंकडे गेलो. त्यांनी बसायला घोंगडी दिली. मी ते नाव घेतलं. त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांची वस्ती आधी कॉलेजच्या जागेवर होती. सोळा घरं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून भडका उडाला तेव्हा गावातले लोक मशाली घेऊन आले. वस्ती शेतात पळाली. बाईंची पोरगी सरजा, वय सोळा, तापाने फणफणलेली, घरात निजलेली. बाई तिला उचलायला मागे फिरल्या तर दाराला बाहेरून कडी, आणि दारापुढे माणसं उभी. त्यांनी बाईंना धरून ठेवलं. आत पोरगी पाणी मागत होती. ती मागायची थांबेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. नंतर काही हाती लागलं नाही, म्हणून कुठल्या कागदावर तिचं नाव चढलं नाही. जागा ओसाड पडली, मामांनी संस्थेला घेतली. खड्डा त्यांच्या घराच्या जागीच खणला.

कोळसा जागेवरच निघाला.

मी हात जोडले. म्हटलं, मावशी, परत या, एकदा पाणी घाला. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्सं, खड्डा नव्हता तवापासून, मीच पाजलं, म्हून ती गप व्हती. आता कडी ज्यानं लावली त्यानं पाजावं. तुमच्या मामांला इचारा."

११ जानेवारी, मंगळवार

विचारलं नाही. धीर झाला नाही. खरं लिहितो: मला सरजाची नाही, समितीची काळजी लागलीय. शरम वाटते, पण तसंच आहे.

तहान लागते. तांब्या संपतो, तहान तशीच.

१२ जानेवारी, बुधवार

सव्वादहाला खोलीत होतो. दार आपोआप लोटलं गेलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज. ठोकलं, ओरडलो. भिंती तापल्या, तव्यासारख्या. मग कडी निघाली. बाहेर चिटपाखरू नाही. कडीवर काजळी—

पडद्यावर एल, आय. तेवढंच.

१३ जानेवारी, गुरुवार. भोगी.

मामांना सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली बसेल. ते खाली बसले. म्हणाले, तेव्हा रक्त गरम होतं. नुसतं भेववायचं होतं. कडी लावली ती कोणीतरी काढील असं वाटलं. कोणी काढली नाही. मग म्हणाले, "मीपण काढली न्हाई, बन्सी."

उद्या सकाळी स्वतः पाणी घालणार आहेत. समितीसाठी की तिच्यासाठी, ते मी विचारलं नाही. भाकरी दोघांनीही खाल्ली नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

१०.०५. मामा आले. नवं धोतर, हातात तांब्याची घागर. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. ते मागे खड्ड्याशी गेले. मी आत, मीटरपाशी. दाराला दगड लावलाय. पाण्याचा भरलेला तांब्या जवळ ठेवलाय.

१०.१५. भिंतीपलीकडे पाणी पडतंय. मीटरचा काटा उतरला, अर्थिंग जिवंत झालं. खड्डा पितोय! मामांच्या हातचं घेतलं तिने—

एल, आय, एल, ओ. चारही! चाललं. बावीस पोरांचं वर्ष वाचलं. आई, वाचलं गं—

१०.१९. मामांना हाक मारली. ओ देत नाहीत. पाणी अजून पडतंय. एका घागरीत एवढं पाणी नसतं.

पडद्यावर नाव उमटलं. मी हात लावलेला नाही. सरजा. या वेळी नकार नाही. आत घेतलं.

१०.२२. दगड सरकला. दार. कडी.

मामा, कडी काढा म्हणून ओरडलो. मामांचा आवाज आला— दारातून नाही. खड्ड्यातल्या पत्र्याला जोडलेली तांब्याची पट्टी जमिनीतून वर येते त्या कोपऱ्यातून. खालून. "बन्सी, पाणी. पाणी दे रे." मामा असे कधी बोलत नाहीत. रडतायत.

पट्टीपाशी थोडं ओतलं. फरशीवर तसंच उभं राहिलं. माझ्या हातचं—

दाराच्या फटीतून धूर. दाराखाली दोन पावलं दिसतात. काळी. लहान. हलत नाहीत. म्हणालो, सरजा, मी काही केलं नाही. देवाशप्पथ, मी काहीच केलं नाही.

त्या दिवशी बाहेर उभे होते त्यांनीही हेच—

तांब्यात घोटभर उरलंय. मामा मागतायत. आवाज बारीक होत चाललाय. घसा जळतोय माझा. हा घोट मी घेतला तर—

आवाज थांबला.

बाहेरून कडीला हात लागला. ती निघतेय की अजून घट्ट