एक पेटी पुरे होती

हातखंबा, ४ मे

आदरणीय राजेंद्रमामांस,

अमरदीपचा सविनय जय भीम. मामी बरी असेल, तुमचा गुडघा बरा असेल, आणि तुमचा राग (तो कधीच बरा नसतो) उतरला असेल, अशी आशा करतो.

इथल्या आंबा सोसायटीत कॉम्प्युटरवाला म्हणून चिकटलो, त्याला शनिवारी सहा महिने होतील. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे अध्यक्ष पद्मजाताई त्या दिवशी ठरवणार. पुन्हा मुंबईला खोली शोधत फिरायची माझी तयारी नाही हो, मामा.

झालं असं. पूर्वी माल घातलेल्याचा टेम्पो थेट आत सोडायचा, नवख्याला आधी कचेरीत पाठवायचं, असा इथला नियम. हे काम सदू वॉचमन तोंड बघून करायचा. मला ते मागासलेलं वाटलं, म्हणून मी डेटाबेसची क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींना विचारायचा प्रश्न, लिहिली. तिने विचारायचं एवढंच होतं, की या माणसाची एकतरी पेटी आलीय का? मी विचारलं, एकूण किती आल्यात? (आंबा दिसला की मोजायचा, हे वळण तुमच्याच बागेतलं. दोष देत नाही, नुसतं नोंदवतो.) मग सोसायटीचं ते जुनाट यंत्र बिचारं शेवटच्या पेटीपर्यंत मोजत बसे, आणि आकडा शून्याहून मोठा निघाला की फाटक उघडे. गेल्या साली दोन पेट्या घातलेला बाबल्या सुर्रकन आत. आणि वीस वर्षं हजारो पेट्या घालणारे एक ज्येष्ठ बागायतदार भर उन्हात वीस मिनिटं बाहेर! सदू ओरडत होता, "अहो, हे आपलेच ना, सोडा हो!" मी म्हटलं, यंत्राची खात्री पटू दे. तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्या अख्ख्या आजोळाचा उद्धार केला (कुणाचा करतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं).

रविवारी क्वेरी बदलली. मोजू नको, पहिली पेटी सापडली की थांब. सभासद क्रमांकांची सूची (इंडेक्स) आधीपासून होतीच, म्हणून नवख्यासाठीही सगळ्या नोंदी चाळाव्या लागत नाहीत. आता फाटक लगेच उघडतं, आणि सदू माझ्याशी बोलत नाही.

तुमचा भाचा,
अमरदीप

ता. क. ते बागायतदार माझे सख्खे मामा, हे इथे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणखी एक ता. क. नवी क्वेरी पद्मजाताईंना समजावली. फारच पटली त्यांना. म्हणाल्या, शनिवारी तुझ्याविरुद्धच्या तक्रारी मी मोजत बसणार नाही, एक सापडली की थांबेन. फाईल बघून आलो. एकच आहे, आणि अक्षर तुमचं आहे. शुक्रवारच्या आत मागे घ्या, मामा, पाया पडतो.