प्रेसवरचं कुंकू

काळेवाडी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

पाया पडते. पोरांच्या सर्दीला उतार पडला असेल. आत्याबाईंना माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर कुठून आला म्हणून विचारतील. मी बरी आहे. दाजी बरे आहेत. उद्धवरावांचा टेम्पो आज चाकणहून गावाकडे निघालाय, म्हणून घाईने लिहायला बसले. तुझ्या सासरच्या फोनवर आत्याबाई स्पीकर लावायला लावतात आणि मग आपण दोघी नुसत्या पावसापाण्याचं बोलतो. पत्र घरी नको, अक्का कामाला असते त्या अंगणवाडीतच नेऊन द्या, असं उद्धवरावांना दोनदा बजावलंय. तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढतेय.

तू मागे विचारलं होतंस, एवढी भित्री तू, आणि भुताचे सिनेमे कशाला बघतेस? मी कुठे बघते, सायली बघायला लावते. मी जिच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते ना, ती घरमालकांची मुलगी. आमच्याच कंपनीत स्टोअरला आहे. गुरुवारी सुट्टी असली की सकाळच्या स्वस्त शोला मला मागे बसवते आणि गाडी थेट चिंचवडला. तिला भुतं बघून हसायला आवडतं. आज गेलो होतो त्यातली हडळ अर्धा वेळ विनोद करत होती. हल्ली अशीच फॅशन आहे, हसवायचं आणि मध्येच केस मोकळे सोडून अंगावर धावायचं. सायली थिएटरात मोठ्याने म्हणाली, "आगं, ही हडळ हाय का पार्लरवाली? काजळ बघ तिचं!" पुढच्या रांगेतली माणसंही हसली. मला हसू आलं नाही, पण भीतीही वाटली नाही.

माझं मत विचारशील तर आवाज करून दचकवणं म्हणजे घाबरवणं नव्हे. सगळं शांत करायचं आणि एकदम ढोल बडवायचा, हे तर गावच्या जत्रेतही होतं. आमच्या कंपनीत, शॉपमध्ये, दिवसभर पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा दणका चालू असतो. त्याची सवय झाली की दणक्याचं काही वाटत नाही, तो थांबला की मात्र मान वळते.

मागच्या महिन्यातला एक सिनेमा मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्यात भूत दिसतच नाही. एक मोठं कुटुंब आहे, चांगली खातीपिती माणसं. घरातल्या एका बंद दारापुढे रोज संध्याकाळी जेवणाचं ताट ठेवतात. नवी सून विचारते, आत कोण आहे? सासू म्हणते, "होईल सवय." दीर म्हणतो, होईल सवय. आणि खरंच, मध्यंतरापर्यंत तीच ताट वाढायला लागते. सायली बाहेर आल्यावर म्हणाली, "काय भुक्कड पिच्चर! भूत न्हाई, गाणं न्हाई. पैसं वाया."  मला मात्र वाटतं, भीतीचा सिनेमा असाच पाहिजे. ज्यांना माहीत असतं ती माणसं गप्प बसतात. एक जण जरी वेळेवर बोलला असता तर सिनेमा तिथेच संपला असता.

असो. तूही म्हणशील हिने पत्रात काय भुतंखेतं आणली. दाजी बरे आहेत. काल कंपनीत भेटले होते. महाळुंग्याच्या खोलीवर आता नवा पोरगा स्वयंपाक करतो, त्यामुळे जेवण नीट होतंय. दिवाळीला नक्की येणार आहेत. पोरांना फटाके नको म्हण, हाताला भाजतं.

दाजी बरे आहेत. तू काळजी करू नकोस.

तुझी,
विजू


काळेवाडी
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

पाया पडते. तुझी चिठ्ठी उद्धवरावांनी दिली. तू एवढंच लिहिलंस: "सिनेमाचं समदं वाचलं. दाजी बरे हायेत असं तीनदा लिहिलंस. विजे, माझ्या नवऱ्याला काय झालंय?"

काही झालेलं नाही, अक्का. हे आधी वाच आणि मग पुढे वाच. आज या घटकेला त्यांना काहीही झालेलं नाही.

दाजी उद्या संध्याकाळच्या गाडीने निघतील. हे पत्र त्यांच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून आज टेम्पोने पाठवतेय. ते घरी येऊन सगळ्यांसमोर जे सांगणार आहेत, ते खरंच आहे. फक्त ते मधून सुरू करतील, म्हणून मी सुरुवातीपासून सांगते.

दाजी ज्या प्रेसवर काम करतात ती पत्र्याला आकार देते. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येते. तिच्या दोन्ही बाजूंना काचेच्या उभ्या पट्ट्या आहेत. एका पट्टीतून दुसरीत न दिसणारा उजेड जातो. हात मध्ये असला की उजेड अडतो आणि प्रेस खाली येतच नाही. त्याला सगळे सेन्सर म्हणतात. माणसाची बोटं राहतात ती त्या सेन्सरमुळे.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाली. मालकांच्या आई स्वतः आल्या होत्या. नारळ, झेंडूच्या माळा, सगळं दरवर्षीसारखं. म्हाताऱ्या बाई, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं प्रेसवर ओढली, ती नेमकी काचेच्या पट्टीवरून. दसऱ्यानंतर मशीन चालू केलं तर चालेना. उजेड अडलेला. कुंकू आडवं आलेलं.

तुला वाटेल, मग पुसायचं की. एका फडक्याचं काम. पण शॉपमधला एकही माणूस पुढे झाला नाही. सवाष्णीने लावलेलं, देवीच्या दिवशीचं, तेही मालकांच्या आईने. ते पुसायचं कुणी? दाजी म्हणाले, "माझ्यानं व्हायचं नाही. घरी बायको हाय माझी." बाकीचे हसले, पण हात कुणीच लावला नाही. मग आमच्या सुपरवायझर ज्योतीराम सरांनी किल्ली फिरवून सेन्सरच बंद केला. म्हणाले, "चार दिवसांत आपोआप झडेल. मग चालू करू."

कुंकू झडलं नाही. तेलाने चिकटून बसलं. आणि चार दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं की सेन्सर बंद असला की प्रेस थांबत नाही, नग जास्त निघतात. मग कुणालाच घाई राहिली नाही.

मी रोज तिथून जात होते. तपासायचे नग माझ्याच टेबलावर येतात. पहिल्या दिवशी जाताना दर वेळी माझी मान त्या पट्टीकडे वळली. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मला भीती वाटत होती ती याचीच, की आठवड्याने मान वळणारच नाही.

पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी नग घ्यायला प्रेसजवळ उभी होते. दाजींनी पत्रा सरळ करायला हात आत घातला आणि काढला. डाय खाली आली. त्यांनी हात वर धरला तर हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. कापलेलं सुद्धा नाही, चपटं होऊन डायला चिकटलेलं. मी किंचाळले, ते त्या दणक्यात कुणालाच ऐकू गेलं नाही. दाजींनी बोट हलवून दाखवलं आणि हसले.

"हाय की जागेवर. कामून रडायलीस? मोजा एक नंबर मोठा हाय, बरं झालं का नाही?"

मी म्हटलं, "दाजी, सेन्सर चालू करायला सांगा."

"विजे, तो लावला की टार्गेट होत नाही. परमनंट करायची नावं निघायलीत. तू मधी पडू नको. आन अक्काला सांगितलंस तर तुला माझी शपथ हाय."

म्हणून तुला सिनेमे लिहिले.

मी ज्योतीराम सरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. मी नवीन असताना त्यांनीच मला मायक्रोमीटर धरायला शिकवलं. म्हणाले, "मॅडम, दिवाळीचं डिस्पॅच जाऊ द्या. तुम्ही क्वालिटी बघा, सेफ्टी मी बघतो." मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "तुमच्या दाजींनी तक्रार केली का? नाही ना?" तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलंच नाही.

काल जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. मी बोळा आणि थिनर घेतला आणि प्रेसपुढे उभी राहिले.

अक्का, घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी एकटी. डिप्लोमा माझ्या नावावर आहे आणि त्यासाठी तुझी शाळा सातवीत सुटली, हे मी विसरलेले नाही. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, हे मला माहीत आहे. तरी बोळ्याचा पहिला फराटा मारला तेव्हा मला तू दिसलीस. उंबऱ्यात उभी. कपाळ मोकळं. माझा हात तिथेच थांबला. इतकी भीती मला आजवर कशाचीच वाटलेली नाही, आणि ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही तिची वाटली.  माणसं परत यायची वेळ झाली होती. मग मी डोळे उघडे ठेवून पुसलं. पाचही बोटं. काच स्वच्छ होईपर्यंत.

कँटीनमधून परत आलेल्यांत दाजी सगळ्यांत पुढे होते. काच बघितली, माझ्या हातातला लाल बोळा बघितला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "काय केलंस हे, विजे? तुझ्या बहिणीचं कुंकू पुसलंस."

मागे कुणीतरी देवीचं नाव घेतलं. एक जण म्हणाला, "शिकलेल्या बायका राव, यांना काय!" ज्योतीराम सर धावत आले. मी म्हटलं, "सर, किल्ली फिरवा. सेन्सर चालू केल्याशिवाय मी पहिला नग ओके करणार नाही." पहिला नग मी ओके केल्याशिवाय आमच्याकडे मशीन चालवत नाहीत, तो कंपनीचाच नियम आहे. माझ्या हातात तेवढंच होतं. सर म्हणाले, "उद्यापासून यायचं आहे ना कामावर?" मी म्हटलं, "हो." आवाज इतका बारीक आला की त्यांनी परत विचारलं. मी परत हो म्हटलं. गाडी माल न्यायला दारात उभी होती. शेवटी त्यांनी किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला. मी लाकडी पट्टी आत धरली, प्रेस जागेवर थांबली. मग मी नग ओके केला.

दाजींनी त्या प्रेसवर काम करायला नकार दिला. आता तिथे दुसरा माणूस आहे आणि दाजी पॅकिंगला. परमनंटच्या नावांचं काय होईल मला माहीत नाही. जाताना मला म्हणाले, "घरी जाऊन समद्यांसमोर सांगतो." कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, बायका उभ्याने गेल्या.

बोळा मला भंगाराच्या डब्यात टाकवला नाही. पिशवीत घालून घरी आणला. सायली म्हणाली, "आगं कुंकूच हाय ना, तुळशीत टाक." मी म्हटलं, त्यात थिनर आहे. "मंग नको, तुळस मरंल." आणि दोघी हसलो. मग मी रडले. ती म्हणाली, "तुजी बहीण काय म्हणंल त्याचं भ्या हाय व्हय?" मी म्हटलं, नाही. पण आहे.

आणि त्याहून मोठी भीती सांगते. उद्या दाजी गाडीत बसतील. वाटेत काही झालं, घरी आल्यावर साधा ताप आला, दहा वर्षांनी पायरीवरून पाय घसरला, तरी आत्याबाई म्हणतील, विजीने कुंकू पुसलं होतं. तू म्हणणार नाहीस. पण तुझ्या मनात एकदा येऊन जाईल. माझ्या तर रोज येणार. सेन्सर चालू झाला, माझी भीती बंद करायची किल्ली कुणाकडे नाही. तरीही तीच सुट्टी पुन्हा आली तर मी तोच बोळा उचलेन. घाबरतच, पण उचलेन. हे तुला खोटं वाटायला नको म्हणून लिहून देते.

ते आले की घरात मोठा आवाज होईल. मला जे बोलतील ते बोलू दे, तू मध्ये पडू नकोस. त्यांनी तुला विचारलं, अशा बहिणीशी नातं ठेवायचं का, तर लगेच उत्तर देऊ नकोस. आधी पाण्याचा तांब्या दे आणि त्यांचे दोन्ही हात तुझ्या हातात घे. उजेडात घे. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख काळं पडलंय. ते कशाने झालं, एवढंच विचार. मग मला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव.

त्यांची शपथ मोडलेली, आणि तू ठेवशील तर तुझीच,
विजू