शांततेचे गुण

लष्कर, बुधवार, पौष शुद्ध षष्ठी

गिरणीत जाणाऱ्या बायकांची मुलं सांभाळतात ते खासगी बाजार पेठेतलं घर आज तपासलं. स्वच्छ सतरंजी, उकळलेलं पाणी, तान्ही मुलं ओळीने झोपलेली. एकही रडत नव्हतं. 'उत्तम' असा शेरा देणारच होते, एवढ्यात एका मुलीच्या ओठावर माशी बसली. बसूनच राहिली. मुलीने तोंडसुद्धा हलवलं नाही.

मुलं सांभाळणाऱ्या सखूबाईंना विचारलं, "भर सकाळी सगळी एकदम कशी झोपली?"

त्या सहज म्हणाल्या, "आज तुम्ही येणार होता ना बाई, म्हणून सगळ्यांना बाळगोळी दिली. रोज नाही देत. रोज तर इतका हल्लागुल्ला करतात की पूछो मत."

बाळगोळीत अफू असते हे त्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी वहिनीही देते. मीही तीच खाऊन वाढले असणार. मग त्यांना कुठल्या तोंडाने बोलू? आणि तपासणीच्या नियमांत 'मुले शांत असावीत' याला सगळ्यांत जास्त गुण कुणी ठेवले? मीच. त्याबद्दल वरिष्ठांकडून शाबासकीही मिळाली होती.

माशी मी पदराने हाकलली. ती पुन्हा तिथेच येऊन बसली.

शेरा कोराच ठेवलाय. तो नियम उद्या खोडते. यापुढे आधी कळवून कुठेही जायचं नाही. आणि दारातून रडणं ऐकू आलं नाही, तर सतरंजी, पाणी नंतर. आधी एकेका मुलाला उठवून बघायचं.