व्हर्नाबाईंकडील दुनळी परत न मिळण्याबाबत

प्रति,
मा. कौंटी क्लार्क,
निवडणूक व परवाने विभाग,
टॅमरॅक कौंटी, विस्कॉन्सिन.

विषय : माझी दुनळी बंदूक मला परत देण्याचा आपला आदेश तातडीने रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ५ नोव्हेंबरचा अर्ज (बंदूक तातडीने परत मिळणेबाबत).
२) सदर अर्ज मंजूर करणारा आपला दि. २ डिसेंबरचा आदेश.

महोदया,

मी, खाली सही करणार आर्विड टोलेफसन, वय अडुसष्ट, विधुर, राहणार लोअर बेंट लेक, होड्या दुरुस्त करणारा (निवृत्त), तसेच शस्त्रहक्क घटनादुरुस्तीच्या बाजूच्या ‘होय’ समितीचा अध्यक्ष, सविनय सादर करतो की, संदर्भ क्र. १ चा अर्ज माझाच आहे आणि त्यावरची सहीही माझीच आहे. त्यात ‘दिवसाढवळ्या दरोडा’ हे शब्द जागोजागी आले आहेत, ते सर्व ठिकाणी खोडलेले समजावेत.

१. मतदानाच्या दिवशी आमच्या गावचे निम्मे मतदार दलदलीतली बदकांची शिकार आटोपून होडीने थेट मतदान केंद्रावर येतात. केंद्रात बंदूक नेण्यास मनाई, आणि उघड्या होडीत बंदूक कोणी ठेवत नाही. म्हणून मतदान जिथे होते त्या गावच्या सभागृहामागच्या शेडमध्ये बंदुका ठेवण्याची सोय केली होती. सभागृहाच्या छपराच्या खर्चासाठी बायकांनी विकायला केलेले केकही त्याच शेडमध्ये होते, कारण तिथे गारवा असतो. आता, कोणत्याही सार्वजनिक कामावर एक माणूस ‘होय’ बाजूचा आणि एक ‘नाही’ बाजूचा असलाच पाहिजे, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. त्यानुसार शेडच्या दारात मी आणि ‘नाही’ समितीच्या अध्यक्षा श्रीमती व्हर्ना कोल्स्टाड, निवृत्त शिक्षिका, असे दोघे बसलो. उन्हाळ्यापासून आमचे बोलणे बंद होते. मी माझ्या कुंपणावर, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, प्रचाराचा फलक लावला होता. त्यांनी तो उतरवला नाही, फक्त त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल रंगाने गोल केले.

२. टोकन म्हणून चर्चमधल्या सोडतीच्या तिकिटांची दोन भेंडोळी आणली होती. एक मी बंदुकांसाठी घेतले, एक बाईंनी केकसाठी. दोन्ही नारिंगी आणि दोन्हींचे आकडे एकपासून. बाई म्हणाल्या, “अहो टोलेफसन, आकडे सारखेच आहेत, गोंधळ होईल.” त्यावर मी म्हणालो, “बाई, बंदूक आणि केक यांतला फरक मला कळतो.” हे वाक्य तेव्हा रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले आणि अजूनही दुकानात गेलो की मला ऐकवतात.

३. दुपारी वारा फिरला, तळे उसळू लागले, आणि सगळे एकदम होड्यांकडे निघाले. शेडवर झुंबड उडाली. “टोकन दाखवा, वस्तू घ्या, चर्चा नको,” असा नियम मीच ओरडून जाहीर केला. त्या गर्दीत बाईंनी स्वतः करून स्वतःसाठीच राखून ठेवलेल्या केकचे सत्तावीस नंबरचे टोकन माझ्यापुढे धरले. माझ्या स्वतःच्या दुनळीचा नंबरही सत्तावीसच होता. माझे डोळे तळ्याकडे, हात फळीकडे. फळीवरची लांब पिशवी उचलून मी त्यांच्या हातात दिली. बाईंनी पिशवी चाचपून पाहिली, “आभारी आहे” म्हणाल्या, आणि दुनळी काखोटीला मारून चालत घरी गेल्या. संध्याकाळी माझ्या हातात सत्तावीस नंबरची दोन टोकने उरली आणि फळीवर क्रॅनबेरीचा केक. सकाळपासून माझ्या पोटात कॉफीशिवाय काही नव्हते. मी तो उभ्या उभ्या संपवला. माझी बाजू लंगडी पडली ती इथेच.

४. दुसऱ्या दिवशी मी बंदूक मागायला गेलो. बाई म्हणाल्या, “माझा केक जसा होता तसा परत आणा, बंदूक जशी आहे तशी घेऊन जा.” मी कायद्याची भाषा केली. तेव्हा त्यांनी फ्रिजच्या दारावरचे पत्रक काढले. ते मीच छापून घरोघर वाटलेले होते. आदल्या दिवशी राज्यभरात घटनादुरुस्ती मंजूर झाली होती (आमच्या गावात मते समसमान पडली, त्यामुळे जिंकल्याचे दोन्ही समित्या सांगतात). बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचले : ‘शस्त्र जवळ बाळगणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असून, अत्यंत सबळ कारण सिद्ध केल्यावाचून तो कोणालाही हिरावून घेता येणार नाही.’ मग म्हणाल्या, “हा हक्क तुम्हीच मला मिळवून दिलात. आता सबळ कारण सांगा.” मी म्हणालो, “ती माझ्या वडिलांची आहे.” त्या म्हणाल्या, “हे भावनिक झालं. सबळ सांगा.” मी घरी आलो आणि संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला.

५. आपल्या निर्णयाची वाट पाहण्याच्या काळात मी केक ‘जसा होता तसा’ परत करण्याचा प्रयत्न सुरू केला. दर रविवारी फुटबॉलचा सामना सोडून मी ओव्हनसमोर बसू लागलो, ही गोष्ट या राज्यात हलक्यात घेतली जात नाही हे आपण जाणताच. पहिला केक बाईंनी कोंबड्यांना घातला. “त्यांची तक्रार नाही, एवढंच म्हणेन,” असा त्यांचा अभिप्राय होता. दुसरा आतून कच्चा होता. प्रत्येक वेळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली आणि काय चुकले ते सांगितले. दुनळी त्यांच्या दारावर टांगलेली असते. जन्मात बंदुकीला हात न लावलेल्या या बाईंनी तिला तेल कसे द्यायचे ते पुस्तकात पाहून शिकून घेतले आहे, आणि माझ्याकडे ती इतकी चकचकीत कधीच नव्हती. माझे वडील त्या दुनळीने कशी शिकार करत, हे त्यांनी मला विचारले. माझी बायको इंग्रिड गेल्यापासून मला असे काही कोणी विचारले नव्हते. मी अंधार पडेपर्यंत बोलत होतो. आता रविवार आला की मी सकाळीच दाढी करतो.

कालचा केक हुबेहूब त्यांच्या केकसारखा झाला होता. मला ते माहीत आहे आणि त्यांनाही. त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.” मीठ कमी नव्हते. मी हरकत घेतली नाही.

६. अशात आपला आदेश आला. शुक्रवारी सकाळी दोघांनी आपल्या कार्यालयात हजर राहावे, बाईंनी बंदूक द्यावी, मी सही करून घ्यावी. त्यावर माझ्या हरकती अशा :

(अ) नव्या घटनादुरुस्तीनुसार सरकारला नागरिकाच्या हातातले शस्त्र असे काढून घेता येत नाही. ‘होय’ समितीचा अध्यक्ष या नात्याने मी गप्प बसू शकत नाही. तो नागरिक ‘नाही’ समितीचा अध्यक्ष असला तर मुळीच नाही.

(आ) तळे गोठले आहे, बदके दक्षिणेला गेली आहेत. मला बंदुकीचे काही काम नाही.

(इ) बंदूक परत मिळाली तर रविवारी त्या घरी जायला मला काही निमित्त उरणार नाही. हे कारण मी सर्वांत शेवटी लिहिले आहे, पण खरे कारण हेच आहे. ते सबळ आहे की भावनिक, हे आपण ठरवावे. मला त्या घरी जाणे थांबवायचे नाही.

७. तरी सदर आदेश रद्द व्हावा, ही विनंती. ते नियमात बसत नसेल, तर आपल्याच कार्यालयात शेजारच्या खिडकीवर विवाहाचे परवाने मिळतात असे कळते. त्याच्या अर्जाचा एक कोरा नमुना टपालाने पाठवावा. तो भरण्याचा मला सध्या काहीही अधिकार नाही, कारण मी अजून विचारलेले नाही. विचारतात कसे, तेही मला ठाऊक नाही. मागच्या वेळी इंग्रिडनेच विचारले होते.

८. गावच्या रीतीप्रमाणे या कागदावर ‘नाही’ बाजूची सही लागेल. म्हणून आज दुपारी मी तो बाईंकडे घेऊन जात आहे. वाचल्याशिवाय त्या कशावरही सही करत नाहीत, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आपला नम्र, आणि आज जरा घाबरलेला,
आर्विड टोलेफसन
अध्यक्ष, ‘होय’ समिती, लोअर बेंट लेक
दि. ८ डिसेंबर

सोबत : १) सत्तावीस नंबरची टोकने, दोन.
२) घटनादुरुस्तीचे पत्रक (बाईंच्या फ्रिजवरचे, उसने).
३) क्रॅनबेरीच्या केकचा तुकडा, मीठ तपासण्यासाठी.

‘नाही’ समितीचा शेरा (लाल शाईत) :

वाचला. चुका दुरुस्त केल्या आहेत. कलम ५ मधली मिठाबद्दलची तक्रार मी मागे घेते. बंदूक मात्र मी परत करणार नाही, ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरच राहील. टोलेफसन यांना ती हवी असेल तर त्यांनी ती जिथे आहे तिथे राहायला यावे. कलम ७ मधला कोरा नमुना टपालाने पाठवू नये, उगाच वेळ जातो. आपल्या आदेशाप्रमाणे शुक्रवारी सकाळी आम्ही दोघेही हजर राहू, पण शेजारच्या खिडकीवर.

व्हर्ना कोल्स्टाड