कॅसेटची दुसरी बाजू

बुर्ज अल-शमाली पॅलेस्टिनी निर्वासित छावणी, लेबनॉन
१२ नोव्हेंबर १९९८

लाडक्या नजमियास,

सलाम. इकडे सगळे ठीक. ऑलिव्ह मुरत घातलेत, गुडघे कुरकुरतात, पत्रा पुन्हा गळतोय. तुझ्या नातवंडांनी अम्मान डोक्यावर घेतलं असेल.

सोबत एक कॅसेट पाठवतेय. रीम नावाची पोरगी छावणीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी टेप करते. म्हणाली, "खाला, तुमच्या गावाचं सांगा."

"बाई, आधी चहा घे. आमचं गाव एका टेपात मावायचं नाही."

पहिल्या बाजूला विहीर, अंजिरं, तिळाची झोडणी, आईचं लग्न, सगळं सांगितलं. खूप हसलो.

मग तिनं विचारलं, "तुमचे वडील कुठे गेले?"

"वाटेतून गावाकडे परत फिरले."

"का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मी आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या लढाईत गाव सोडून पळालो तेव्हा मी तेरा वर्षांची. माझ्या लग्नासाठीच्या झग्याची छाती भरतकामानं भरायला नुकती घेतली होती. ती मुलीनं स्वतःच भरायची, म्हणून मला त्याचा कोण अभिमान! लाल धाग्यातली सरूची झाडं अर्धी झाली होती. घाईत ते कापड धान्याच्या कोठीवर राहिलं. टेकडीवर थांबलो तेव्हा मी बाबांपुढे भोकाड पसरलं. "अगं, चार दिवसांत परतायचंय," ते म्हणाले. मी ऐकेना. ते कापड आणायला गेले ते गेलेच.

छावणीत बायकांनी विचारलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोर रडत होती." सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू चार वर्षांची. मी खाली मान घालून बसले. त्या दिवसापासून तू रडूबाई झालीस. तुझ्या लग्नात आत्या भर मांडवात म्हणाली, "हिच्या हट्टापायी माझा भाऊ गेला," तेव्हाही मी भात वाढत राहिले. मला लाज वाटते, नजमिया.

तू रडली नव्हतीस गं. तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस.

हे सगळं दुसऱ्या बाजूला आहे. याची दुसरी प्रत नाही. तू ऐकून परत पाठवलीस तरच रीम ती छावणीत सगळ्यांसमोर लावेल, आत्याच्या मुलांसमोरही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण ती बाजू पुसू नकोस.

तुझी मोठी बहीण,
खरी रडूबाई,
सुबहिया